पाण्याच्या मागोमाग स्लोव्हेनिया

ट्रिग्लाव हे स्लोव्हेनियातलं सर्वांत उंच शिखर, 2,864 मीटर. त्याच्या पश्चिम अंगाला पडलेला पाऊस सोचा नदीत उतरतो आणि इटलीतून एड्रियाटिक समुद्राला मिळतो. पूर्व अंगाचा पाऊस सावा नदीत जातो, सावा बेलग्रेडला डॅन्यूबमध्ये मिसळते आणि ते पाणी शेवटी काळ्या समुद्रात पोचतं. दक्षिणेकडे शंभरेक किलोमीटर सरकलं की पाण्याची तिसरीच तऱ्हा दिसते. तिथे नद्या डोंगराच्या पोटात शिरतात, मैलोन्‌मैल दिसेनाशा होतात आणि दुसऱ्याच नावाने बाहेर येतात. हे सगळं 20,273 चौरस किलोमीटरांत घडतं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडाच मोठा असा हा देश. लोकसंख्या साधारण 21 लाख.

देश एवढा लहान, म्हणून बहुतेक प्रवासी तो तीन दिवसांत उरकतात. राजधानी ल्युब्लियाना, ब्लेडचा तलाव, पोस्तोयनाची गुहा, पिरानचा समुद्रकिनारा, आणि पुढे व्हेनिस किंवा व्हिएन्ना. अंतरांचाच हिशेब धरला तर हे जमतंही. ल्युब्लियानाहून ब्लेडला मोटारीने तासभरही लागत नाही. पण माझं ठाम मत असं, की हा देश शहरांच्या यादीने बघायचा नाही, पाण्याच्या वाटेने बघायचा, आणि त्यासाठी तंबूसारखं साधन नाही. तंबूत राहणाऱ्याला पाण्याची दखल घ्यावीच लागते. रात्री कोणती नदी कानाशी वाहते, पहाटे दव किती पडतं, ढग कुठून चढतात, हे हॉटेलच्या खोलीत कळत नाही. म्हणून दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर चारच मुक्काम करावेत, आणि प्रत्येक मुक्कामाचं पाणी वेगळं असावं.

इतक्या लहान जागेत इतकी विविधता येते कुठून? आल्प्स, बाल्कनकडे जाणाऱ्या दिनारी डोंगररांगा, हंगेरीकडे पसरत गेलेलं पानोनी मैदान आणि भूमध्य सागराचा प्रदेश, असे युरोपातले चार मोठे भूप्रदेश इथे एकमेकांना भिडतात. त्यांतल्या पहिल्या दोघांचा बहुतेक दगड चुनखडीच्या जातीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शंखशिंपले आणि प्रवाळ साचून तो तयार झाला. नंतर एड्रियाटिकचं भूपट्ट उत्तरेकडे युरोपात घुसत राहिलं आणि तो समुद्रतळ वर उचलला गेला. उंचावर बर्फाने तो कोरला, खाली पावसाने विरघळवला. म्हणजे सोचाच्या काठचे कडे आणि दक्षिणेतल्या गुहा एकाच घराण्यातल्या.

तंबू कुठे ठोकायचा याचा विचार करण्याआधी तो कुठे ठोकता येत नाही हे पक्कं माहीत हवं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला गडमाथ्यावर, गुहेत, देवळाच्या ओसरीत पथारी टाकायची सवय असते. स्लोव्हेनियात तसं चालत नाही. नेमून दिलेल्या कॅम्पसाइटच्या बाहेर मुक्काम करायला देशभर मनाई आहे. ट्रिग्लाव हे देशातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र सुमारे 840 चौरस किलोमीटर. तिथे वनरक्षक फिरत असतात आणि दंडाची पावती फाडतात. रस्त्याकडेला गाडी लावून गाडीतच झोपणंही त्यात आलं. हा जाच वाटू नये. पातळ मातीच्या थराखाली लगेच सच्छिद्र खडक, त्यामुळे वर सांडलेली घाण थेट भूजलात उतरते, आणि खालच्या गावांना प्यायचं पाणी त्याच डोंगरातून मिळतं. उंचावर राहायचंच असेल तर गिर्यारोहक संघटनेची विश्रामगृहं आहेत. ही संघटना 1893 सालची. तिच्या पायवाटांवर लाल वर्तुळात पांढरा ठिपका रंगवलेला असतो, आणि तो धरून चालणारा सहसा चुकत नाही.

कॅम्पसाइट बहुतेक एप्रिल ते ऑक्टोबर उघड्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनी, हॉलंड, इटलीतली कुटुंबं लोटतात, भाडं चढतं आणि झाडाच्या सावलीतली जागा मिळत नाही. जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. मात्र जूनच्या पूर्वार्धात दोन हजार मीटरच्या वर बर्फ शिल्लक असू शकतं, आणि सप्टेंबर सरताना मोठे पाऊस सुरू होतात. भाड्याचा हिशेब आपल्याला नवा वाटतो. माणशी दर, शिवाय पर्यटन कर, विजेची जोडणी हवी तर तिचे वेगळे पैसे. विजेच्या खांबावर निळा, गोल, तीन पिनांचा सॉकेट असतो. आपला नेहमीचा ॲडॅप्टर त्यात बसत नाही. तंबूवाल्यांनी त्या फंदात न पडलेलं बरं. फोन स्वयंपाकाच्या किंवा बैठकीच्या सामायिक खोलीत चार्ज करता येतो.

व्हिसाची एक बाब आधीच सांभाळावी लागते. स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आहे. विमान व्हेनिसला उतरो की व्हिएन्नाला, सर्वांत जास्त दिवस जिथे काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा लागतो. अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. अडचण अशी, की लहान कॅम्पसाइट तंबूसाठी बरेचदा आगाऊ नोंदणी घेतच नाहीत, ‘या, जागा असेल’ एवढंच कळवतात. म्हणून चारही मुक्कामांसाठी लेखी नोंदणी देणाऱ्या मोठ्या कॅम्पसाइट निवडाव्यात आणि त्यांच्याकडून नाव व तारखांसह पत्र मागून घ्यावं.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही. तो तिथे पोचल्यावर घ्यायचा. डबे दोन जातींचे मिळतात, आट्याचे आणि खटक्याने बसणारे, तेव्हा आपल्या शेगडीला कोणता लागतो ते निघण्यापूर्वीच बघून ठेवा. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला हमखास अडवते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोठी दुकानं बंद असतात, कायद्यानेच. शनिवारी दुपारी पीठ-भाजी-दूध भरून ठेवायचं. पेट्रोलपंपावरच्या छोट्या दुकानांवर निभावतं, पण महागात.

पहिला मुक्काम बोहिन्यला करावा, ब्लेडला नव्हे. ब्लेड सुंदर आहे, यात वाद नाही. बेटावरचं चर्च, त्याच्या 99 पायऱ्या, कड्यावरचा किल्ला, वल्ह्यांच्या पारंपरिक नावा. तलावाच्या पश्चिम टोकाला चांगली मोठी कॅम्पसाइटही आहे. पण तिथलं पाणी म्हणजे देखावा, आणि देखावा बघायला एक सकाळ पुरते. बोहिन्य तिथून पंचवीसेक किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत. हिमनदीने खोदलेली ही दरी. तलाव चार किलोमीटरांहून लांब, 45 मीटर खोल. मोटारबोटींना बंदी, त्यामुळे पहाटे पाण्यावर आवाज नसतो. उकान्त्स या टोकाला झाडांखाली तळ्याच्या अगदी काठावर तंबू लावता येतात. वरच्या कड्यातून सावित्सा धबधबा पडतो. हे सावा नदीचं एक उगमस्थान. तेच पाणी तलावात येतं, तलावातून बाहेर पडतं आणि बेलग्रेडची वाट धरतं. इथे चार रात्री काढा. एक दिवस केबलकारने व्होगेलच्या पठारावर, एक दिवस तलावाला पायी पूर्ण फेरी, एक दिवस ब्लेड.

ट्रिग्लाव चढण्याचा मोह इथेच होतो. स्लोव्हेनियाच्या ध्वजावरच्या ढालीत हे शिखर आहे, आणि प्रत्येक स्लोव्हेन माणसाने आयुष्यात एकदा तरी ते चढावं अशी तिथली भावना. 1895 साली याकोब आल्याझ या गावच्या पाद्रीबुवांनी शिखरावरची जमीन एका फ्लोरिन नाण्याला विकत घेतली आणि तिथे पत्र्याचा छोटा मनोरा उभारला. जर्मनभाषक गिर्यारोहक संस्थांचा तेव्हा या डोंगरांवर वरचष्मा होता, आणि हा मनोरा म्हणजे ‘डोंगर आमचा आहे’ हे शांतपणे सांगणं होतं. तो आजही उभा आहे. पण शेवटचा टप्पा लोखंडी दोर आणि खुंट्या धरून चढायचा आहे. हेल्मेट आणि दोर-हार्नेस लागतं, अनुभव नसेल तर वाटाड्या लागतो, आणि मधली रात्र विश्रामगृहात काढावी लागते. कळसूबाई पावसाळ्यात चढलो, एवढ्या शिदोरीवर निघू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांची वादळं सहज उठतात, त्यामुळे सकाळीच शिखर गाठून उतरायला लागावं.

बोहिन्यहून सोचाच्या खोऱ्यात जायच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही स्वतंत्रपणे बघण्याजोग्या. एक रेल्वेची. 1906 साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने आल्प्समधून ट्रीएस्ट बंदरापर्यंत लोहमार्ग नेला, त्यावरचा बोहिन्यचा बोगदा सहा किलोमीटरांहून लांब आहे. गाडीच्या उघड्या डब्यावर मोटार चढवायची, आपण मोटारीतच बसून राहायचं आणि डोंगरापलीकडे उतरायचं, अशी सोय या मार्गावर आहे. वेळापत्रक तेवढं आधी बघून ठेवावं. दुसरी वाट व्हर्शिच खिंडीची, 1,611 मीटर उंच, 50 वळणांची. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च 1916 मध्ये हिमलोट कोसळून त्यांतले शेकडाभराहून अधिक गाडले गेले. उरलेल्यांनी सोबत्यांसाठी उभारलेलं लाकडी चॅपल क्रान्यस्का गोरा गावाकडच्या चढावर आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या बाजूची वळणं दगडी फरसबंदीची आणि अरुंद आहेत. मोठी कॅम्परव्हॅन असेल तर इटलीतून प्रेदेल खिंडीने वळसा घेणं शहाणपणाचं. हिवाळ्यात व्हर्शिच बंदच असते.

खिंड उतरली की ट्रेंटाच्या दरीत सोचाचा उगम, एका कपारीतून. सोचाचा रंग छायाचित्रात खोटा वाटतो, प्रत्यक्षात अधिकच. पांढरा चुनखडीचा तळ, त्यावर जवळजवळ गाळच नसलेलं बर्फाळ पाणी, आणि त्यात तरंगणारे चुनखडीचे बारीक कण. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्यात शोषला जातो, निळा-हिरवा परत फिरतो, आणि नदी पाचूसारखी दिसते. पावसानंतर दोन दिवस तीच नदी दुधाळ राखाडी होते. दुसरा मुक्काम इथेच. ट्रेंटापासून कोबारिदपर्यंत नदीकाठी लहान-मोठ्या कॅम्पसाइट ओळीने आहेत. जमीन गोट्यांची, म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ मेखा वाकतात. स्टीलच्या चारसहा बरोबर ठेवाव्यात. तंबू पाण्याच्या अगदी लगत लावू नका, रिकामी जागा कितीही मोहात पाडो. ज्युलियन आल्प्सचा हा भाग युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत मोडतो. काही ठिकाणी वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्यावर तो चार महिन्यांत ओतून मोकळा होतो, इथे तो कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. समुद्रावरून येणारे ओले वारे पहिल्यांदा याच भिंतीवर आदळतात. ऑगस्ट 2023 मध्ये देशाच्या मोठ्या भागात आलेल्या महापुराने, विशेषतः उत्तरेकडच्या साविन्या खोऱ्यात, पूल आणि घरं वाहून नेली. ऐन सुट्टीच्या हंगामात हे घडलं. सरकारी हवामान खात्याचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा आणि 112 हा आणीबाणीचा क्रमांक पाठ ठेवायचा.

राफ्टिंग, कयाक यांसाठी बोव्हेत्स गाव प्रसिद्ध आहे. नदीत बोट घालायला परवाना लागतो आणि नेमलेल्या ठिकाणांहूनच उतरता येतं. पण एक दिवस कोबारिदच्या संग्रहालयासाठी राखावाच. मे 1915 ते नोव्हेंबर 1917 या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात याच नदीकाठी बारा लढाया झाल्या. बाराव्या लढाईत, 24 ऑक्टोबर 1917 रोजी, कोबारिदजवळ इटालियन आघाडी फुटली. इटालियन भाषेत या गावाचं नाव कापोरेत्तो, आणि हेमिंग्वेच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’मधली ती माघार इथलीच. दोन-दोन हजार मीटरच्या कड्यांवर, बर्फात, माणसं खंदकांत राहिली. त्या कड्यांवरचे खंदक आज शांतिपथ नावाच्या पायवाटेने जोडलेले आहेत. संग्रहालय बघून संध्याकाळी तंबूपाशी परतताना समोरचे डोंगर सकाळचे राहत नाहीत.

तिसऱ्या मुक्कामाला पाणी गायब होतं. क्रास हे दक्षिणेतल्या पठाराचं नाव. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात ते यावरूनच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवतं. भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा. पृष्ठभागावर ओढे नसतात, तळी नसतात. ल्युब्लियानातून वाहणारी नदी वाटेत इतक्यांदा जमिनीखाली जाते आणि वर येते, की लोकांनी तिला टप्प्याटप्प्यावर सात नावं दिली आहेत. तिच्याच वाटेवर त्सेर्क्नित्साचं तळं आहे. पावसाळी महिन्यांत वीस चौरस किलोमीटरांहून अधिक पसरतं आणि कोरड्या उन्हाळ्यात तळातल्या विवरांतून निघून जातं. मग त्याच जागी गवत कापतात. यानेझ वायकार्ड वाल्वासोर या सरदाराने सतराव्या शतकात या तळ्याचा अभ्यास लिहून काढला, आणि त्याबद्दल 1687 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. ऑगस्टमध्ये तळं बघायला जाणाऱ्याला बहुधा कुरण दिसेल. ते कळून गेलं तर कुरणही बघण्यासारखं आहे.

गुहा दोन, आणि वेळ एकीलाच असेल तर श्कोत्स्यान निवडा. पोस्तोयना मोठी, 24 किलोमीटरांची, आत छोटी आगगाडी. मुलं आणि वृद्ध बरोबर असतील तर तीच बरी. तिथे अंधारात राहणारा, डोळ्यांवर कातडी आलेला, फिकट गुलाबी उभयचर प्राणी, प्रोटिअस, बघता येतो. काही खाल्ल्याशिवाय तो वर्षानुवर्षं जगू शकतो. पुरात हे प्राणी वाहून बाहेर आले की गावकरी त्यांना ड्रॅगनची पिल्लं समजत, असं वाल्वासोरने 1689 च्या ग्रंथात नोंदवलं आहे. श्कोत्स्यानमध्ये मात्र सगळं पायी. रेका नदी प्रचंड दरीच्या भिंतीत शिरते आणि आपण तिच्या पन्नासेक मीटर वरच्या पुलावरून, अंधारात, खालचा आवाज ऐकत चालतो. पुढे ती इटलीच्या हद्दीत तिमावो नावाने उगवते. युनेस्कोने 1986 मध्येच या गुहांना जागतिक वारसा ठरवलं. दोन्ही गुहांत बारमाही दहा-बारा अंश तापमान असतं. बाहेर कितीही ऊन असो, जाकीट घेऊन जावं.

या भागातल्या जंगलात तपकिरी अस्वलं आहेत. ती माणसाला टाळतात, पण तंबूबाहेर अन्न किंवा खरकटं ठेवू नये. त्यापेक्षा खरा धोका गोचिडीचा. देशाचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे, आणि वसंतापासून शरदापर्यंत उंच गवतातली गोचीड लाइम आजार आणि मेंदूज्वर पसरवते. मेंदूज्वराची लस असते, तिचे डोस काही महिन्यांच्या अंतराने घ्यावे लागतात. म्हणून डॉक्टरांशी बोलणं लवकर व्हावं. लाइमवर लस मिळत नाही. रोज रात्री अंगभर तपासणी आणि चिमट्याने गोचीड सरळ उपटणं, एवढंच हातात असतं.

किनारा फक्त 47 किलोमीटरांच्या आसपास. पिरान हे व्हेनिसच्या सत्तेत वाढलेलं दाट दगडी गाव, गाडी बाहेर ठेवून पायी बघायचं. क्रासच्या तळावरून एका दिवसात ते होतं. त्याहून जास्त वेळ सेचोव्लेच्या मिठागरांना द्या. इथले कामगार तळाच्या चिखलावर सूक्ष्म जिवांचा पातळ थर मुद्दाम वाढवतात. त्यामुळे मीठ मातीला चिकटत नाही आणि पांढरंशुभ्र निघतं. शतकानुशतकांची ही पद्धत आजही हाताने चालते.

शेवटचा मुक्काम ईशान्येला, मुरा नदीपलीकडच्या प्रेकमुर्येत. हा भाग बहुतेक सगळे वगळतात. डोंगर संपलेले, शेतं, चिमणीवर करकोच्यांची घरटी. इथलं पाणी खोलातून येतं. मोराव्स्के तोप्लित्से गावात 1960 च्या सुमाराला तेल शोधताना त्याऐवजी कढत, खनिजांनी काळसर झालेलं पाणी लागलं, आणि त्यावर स्नानगृहं उभी राहिली. स्नानगृहाला लागूनच कॅम्पसाइट असते आणि अनेकदा भाड्यातच कुंडांचा प्रवेश धरलेला असतो. दहा दिवस डोंगरात दुखावलेल्या गुडघ्यांना याहून चांगली जागा नाही. शाकाहाऱ्यांनाही इथे बरं खायला मिळतं. खसखस, ताजं पनीर, अक्रोड आणि सफरचंद यांचे थर रचलेली गिबानित्सा ही खास याच मुलखाची.

हातात दहाच दिवस असतील तर किनारा सोडा आणि प्रेकमुर्येही सोडा. बोहिन्य तीन, क्रास तीन. सोचाला मात्र चार रात्री द्याच. त्यांतली एक पावसात जाणार, हे धरूनच नोंदणी करा.